अकरावी रेघ

बांबोळीच्या प्रयोगशाळेत एसी नेहमी जास्त थंड.
फिल्म खिडकीशी धरली
की काळ्या रेघांच्या फटींतून झुवारी दिसते.

एक रेघ म्हणजे एक जागा,
जिथे तो जनुक जाऊन बसला.
एरवी क्षयाचा जंतू आळशी,
वीस तासांत जेमतेम एकाचे दोन होणारा,
मेणाचं कांबळं पांघरून पडलेला.
त्याच्यात हा एवढाच उनाड.
आपली नक्कल काढतो,
नक्कल नेऊन भलतीकडे घुसवतो
आणि मूळ जागाही सोडत नाही.

आमचे देव असे नव्हते.
साष्टीतून रातोरात नदी ओलांडून आले,
ओल्या पंचात गुंडाळलेले.
मागे उरली ती तळी, चार पायऱ्या.
फोंड्याच्या झाडीत बसले ते बसले.
एक नक्कल तिकडेही ठेवली असती तर?
हे मी कुळागरात बोलत नाही,
प्रयोगशाळेत तर नाहीच.

याच्या दोन टोकांना तीच अठ्ठावीस अक्षरं,
इकडे सुलटी, तिकडे उलटी
(थोड्या चुका आहेत, कुठे नसतात),
रासई आणि दुर्भाट जसे:
तोच धक्का, तोच उतार, तोच भज्यांचा गाडा
आरशात धरलेला.
मधे फेरीबोट.

मधला मजकूर मात्र सरळ वाचून भागत नाही.
वाचणारा ऐन मध्यात एक अक्षर मागे घसरतो,
घसरला तरच ट्रान्सपोझेज पुरा होतो
आणि उडी पडते.
क्वचितच घसरतो. बरं आहे.

लहानपणी पेल्यावर आईची चिठ्ठी असायची,
शब्दांत जागा न सोडता:
आताचहापी.
मी वाचायचो, आता चहा पी.
घोट घेतला की अडुळशाचा कडू काढा.
ती म्हणे, नीट वाच की रे,
आताच हा पी.

यंदा दोन फिल्म जुळल्या.
कायतान फुर्ताद, रासई, बोटीवरचा निवृत्त कुक.
इंदुमती तळावलीकर, दुर्भाट, ब्लाउज शिवतात.
अकरा रेघा, अकराही समोरासमोर.
कायतान म्हणाला, हांव तिका वळखनां.
इंदुमतीबाई म्हणाल्या,
किरिस्तांवाघरी मी पाणीसुद्धा घेत नाही,
आणि खोकल्या,
पदर तोंडाशी न्यायला विसरून.

मग कपाटातला जुना गठ्ठा सोडला.
एकात दहा रेघा.
दहाही याच जागी,
अकरावीची जागा कोरी,
म्हणजे ती उडी अजून पडायची होती.
लेबलवर: फेरीबोट खलाशी, वय एकोणपन्नास.
नाव नाही, नंबर.
तारीख माझ्या बारावीच्या वर्षाची.

तिसऱ्या महिन्यात बाबा गोळ्या ठेवून
दोर फेकायला परत गेले होते.
हा काठ, तो काठ, दिवसाला चाळीस खेपा.
कसं आहे विचारलं की, बरें जालां.
पावसात केबिनमध्ये
त्यांच्या खांद्याला खांदा लावून
कोण कोण उभं राहिलं असेल,
टोपलीवाले, शाळेची पोरं,
एखादी बाई मापाच्या ब्लाउजांची पिशवी छातीशी धरून,
आणि त्यांच्यापासून आणखी कोण, तिथून आणखी कोण.
दहा आणि अकराच्या मधे
किती माणसं मावतात
ते फिल्म सांगत नाही.

अहवालात रकाना आहे, संपर्क कुठे.
मी लिहिलं, फेरीबोट.
नात्याचा रकाना नव्हता.
असता तरी.

संध्याकाळी रासईहून बोटीत चढलो,
कठड्याला टेकून बाहेरच उभा राहिलो.
नवा खलाशी कोवळा आहे,
दोर पहिल्यांदा चुकतो त्याचा.

आईला आता लिहायला दिसत नाही.
पेला पुढे करून ती नुसतं म्हणते,
आणि म्हणताना
मधली जागा कुठे सोडली
ते ऐकू येत नाही.
पेला गरम आहे.
मी वास घेत नाही,
पितो.